दुसऱ्याच्या देशातलं युद्ध, आपलं सैन्य आणि मधली माणसं

(नागपुरात युवक-युवतींच्या वादस्पर्धेआधी केलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय तुम्हीच निवडला आहे: एखाद्या देशात यादवी युद्ध पेटलं, तर बाहेरच्या देशांनी तिथे सैन्य पाठवावं का? तुमची टिपणं मी चाळली. त्यात सीरिया आहे, लिबिया आहे, येमेन आणि सुदानही आहे. श्रीलंका कुणाच्याच टिपणात नाही. म्हणून मी श्रीलंकेवरच बोलणार आहे, कारण तिथे गेलेलं सैन्य आपलं होतं.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आपल्या शेजारच्या कामठीत महार रेजिमेंटची दुसरी बटालियन उभी राहिली. याच रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन, जन्माने मुंबईकर, 25 नोव्हेंबर 1987 रोजी श्रीलंकेत लढताना मारले गेले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. कारगिलचे वीर तुम्हाला पाठ आहेत. हे नाव किती जणांनी ऐकलंय? ...बघा.

झालं असं. जुलै 1983 मध्ये कोलंबोत तमिळांच्या कत्तली झाल्या. त्यानंतर भारताने तमिळ बंडखोर गटांना शस्त्रं आणि प्रशिक्षण दिलं. 29 जुलै 1987 रोजी राजीव गांधी आणि राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या आणि भारतीय शांती सेना श्रीलंकेत उतरली. बंडखोरांची शस्त्रं जमा करायची आणि शांतता राखायची, एवढंच काम होतं. अडीच महिन्यांत हेच सैन्य एलटीटीईशी लढत होतं. 11 ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठात शीख लाइट इन्फन्ट्रीचे तीस जवान हेलिकॉप्टरने उतरले. त्यातला एकच जिवंत राहिला. दहाच दिवसांनी, ऐन दिवाळीत, जाफन्याच्या रुग्णालयात आपले सैनिक शिरले. डॉक्टर, परिचारिका आणि रुग्ण मिळून साठ-सत्तर माणसं मारली गेली. आतून गोळीबार झाला, असं सैन्याचं म्हणणं होतं.

या दोन्ही घटना मी मुद्दाम एकापाठोपाठ सांगतोय. पहिली सांगून दुसरी लपवणारे वक्ते असतात, दुसरी सांगून पहिली विसरणारेही असतात. जाफना विद्यापीठात शरीररचनाशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. रजनी तिरणगम यांनी असं केलं नाही. श्रीलंकेचं सैन्य, भारतीय सैन्य आणि एलटीटीई, तिघांचे अत्याचार त्यांनी सहकाऱ्यांबरोबर नोंदवले. 21 सप्टेंबर 1989 रोजी सायकलवरून घरी जाताना त्यांना गोळ्या घातल्या गेल्या.

पुढे तर उफराटंच झालं. कोलंबोत प्रेमदासा सत्तेवर आले आणि त्यांनी भारताला निघून जायला सांगितलं. आपल्या सैन्याशी लढण्यासाठी त्यांच्या सरकारने एलटीटीईला शस्त्रंही पुरवली. मार्च 1990 मध्ये शेवटची तुकडी परतली. तोवर आपले सुमारे 1,200 जवान गेले होते. मद्रासच्या बंदरात त्यांच्या स्वागताला राज्याचे मुख्यमंत्री आले नाहीत.

आता मधल्या माणसांकडे येऊ. त्या कराराच्या सुरुवातीलाच लिहिलंय की श्रीलंकेत सिंहली, तमिळ, मुसलमान आणि बर्गर असे चार समाज राहतात. मुसलमानांचं नाव कागदावर आहे, पण बोलणी त्यांच्याशी झाली नाहीत. उत्तर आणि पूर्व प्रांत जोडून एकच प्रांत केला गेला. पूर्वेत साधारण एक तृतीयांश असलेल्या मुसलमानांचा वाटा या नव्या प्रांतात जवळजवळ निम्म्यावर आला. पूर्वेत जनमत घेऊ, असं करारात होतं. ते कधी झालंच नाही.

शांती सेना गेल्यावर पाचच महिन्यांत, 3 ऑगस्ट 1990 रोजी, काट्टानकुडीच्या दोन मशिदींत इशाच्या नमाजाच्या वेळी शंभरावर माणसं मारली गेली. ऑक्टोबरात एलटीटीईने उत्तरेतले सगळे मुसलमान हाकलले, सत्तर हजारांच्या वर. जाफन्यातल्या लोकांना दोन तास मिळाले. तमिळ हीच त्यांची मातृभाषा होती. त्यातले बहुतेक पुट्टलमच्या छावण्यांत गेले आणि कित्येकांची पुढची पिढी तिथेच वाढली. हे भारतीय सैन्यामुळे झालं, असं मी म्हणत नाही. मारणारे एलटीटीईचे होते. पण बाहेरून आलेल्यांनी ज्या दोन-तीन पक्षांना माणसात धरलं, त्यात हे नव्हते.

मग सैन्य कधीच पाठवू नये का? तसं मी म्हणणार नाही. 1971 समोर आहे. पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित आले, डिसेंबरात तेरा दिवसांचं युद्ध झालं आणि मार्च 1972 मध्ये आपलं सैन्य ढाक्यातून परतलंसुद्धा. तो हस्तक्षेप मला योग्य वाटतो. तरी तिथेही मधली माणसं राहिलीच. बिहारी म्हणून ओळखले जाणारे उर्दूभाषक मुसलमान ढाक्याच्या जिनिव्हा कॅम्पात अडकले. नागरिकत्वावरचा न्यायालयाचा निर्णय यायला 2008 उजाडलं.

आपल्यातली एक सवय मला खटकते. नाटोची विमानं 2011 मध्ये लिबियावर गेली, तो साम्राज्यवाद. जानेवारी 2020 मध्ये तुर्कस्तानच्या संसदेने त्याच लिबियात सैन्य पाठवायला मंजुरी दिली, तेव्हा आपल्यातल्या बऱ्याच पोरांच्या स्टेटसवर चंद्रकोरीचा झेंडा होता. 2015 पासून सौदीच्या विमानांनी येमेनमध्ये बाजार आणि रुग्णालयं उडवली, त्यावर आपण कुजबुजलो. झेंडा बघून बाजू ठरवायची असेल, तर वादस्पर्धा कशाला हवी?

दुसरी अडचण खरी आहे आणि मी ती झटकून टाकणार नाही. आपल्यापैकी कुणी सैन्याच्या कामावर प्रश्न विचारला की लगेच शिक्का बसतो. म्हणून पुष्कळ जण परदेशांवर तावातावाने बोलतात आणि श्रीलंकेवर गप्प बसतात. पण सैन्य कुठे पाठवायचं हा निर्णय सरकारचा असतो, जवानाचा नाही. सरकारला विचारणं हा नागरिकाचा हक्क आहे. परमेश्वरन यांना तिथे कुणी आणि कशासाठी पाठवलं, हे विचारल्याने त्यांचं शौर्य कमी होत नाही.

आणि विचारल्याने फरक पडतो. 29 ऑगस्ट 2013 रोजी ब्रिटनच्या संसदेत सीरियावरच्या कारवाईचा प्रस्ताव 285 विरुद्ध 272 मतांनी पडला आणि सरकारला थांबावं लागलं. आपल्याकडे 2003 मध्ये अमेरिका इराकसाठी सैन्य मागत होती. देशभर, संसदेत आणि रस्त्यावर, चर्चा झाली आणि 14 जुलैला वाजपेयी सरकारने नकार दिला. मात्र परदेशात सैन्य पाठवण्याआधी संसदेचं मत घ्यावंच लागेल, असं बंधन आपल्या राज्यघटनेत नाही. ते असावं का, हाही वादाचा चांगला विषय आहे. पुढच्या वेळी घ्या.

आता दोन्ही बाजूंच्या वक्त्यांना एक काम. सैन्य पाठवा म्हणणाऱ्यांनी आधी सांगायचं: ते कुणाच्या बोलावण्यावरून जाणार, परत कधी येणार आणि ते निघून गेल्यावर मधल्या माणसांचं काय? पाठवू नका म्हणणाऱ्यांनाही सूट नाही. 1971 मधल्या एक कोटी निर्वासितांना तुम्ही काय सांगितलं असतं? प्रत्येकाला सात मिनिटं आहेत. घंटा वाजली की थांबायचं.