घरी बांधलेले विमान आणि कायदा



कांदिवलीच्या चारकोप भागात इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनी विमान उभारले. २०१६ साली मुंबईच्या प्रदर्शनात ते लोकांनी कौतुकाने पाहिले. पण पाहणे निराळे, उडविणे निराळे! नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची नोंदणी २०१७ च्या नोव्हेंबरात मिळाली. उड्डाणाचा परवाना मात्र २०१९ च्या ऑक्टोबरात. नोंदणीने विमानास केवळ क्रमांक लाभतो. उडण्याची मुभा वेगळी मागावी लागते, आणि त्यानंतरही प्रथम चाचणी-उड्डाणेच करावयाची असतात. हा विलंब मला बोचतो. तथापि विमानाखाली माणसांची घरे असतात, हेही मी नाकारू शकत नाही. आपल्या ज्ञातीतील कोणा तरुणास ही हौस असेल, तर त्याने पहिला पत्रा कापण्यापूर्वीच महासंचालनालयाशी पत्रव्यवहार आरंभावा.