बोट चक्राबाहेर गेले तर?
मोबाईलवरचे रंग निवडायचे चक्र तुम्ही पाहिलेच असेल. बोट कोणत्या दिशेला, त्यावर रंग ठरतो. मध्यापासून किती दूर, त्यावर गहिरेपणा. पण ओढता ओढता बोट चक्राबाहेर घसरले तर? काही प्रोग्राम तो स्पर्श नाकारतात, रंग अडकतो, आणि तुम्हाला वाटते, आपलाच हात चुकला! अहो, बोट जाड, चक्र एवढेसे. हाताचा काय दोष?

लिहिणाऱ्याने बोटाच्या स्थानातून मध्याचे स्थान वजा करावे. त्रिज्या 100 आणि अंतर 150 भरले, तर दिशा तीच ठेवून 100च धरावे. खूण कडेकडेने बोटामागे फिरते. मात्र दोन्ही स्थाने एकाच कोपऱ्यापासून मोजावीत बरे! एक पडद्याच्या, दुसरे चक्राच्या चौकटीच्या कोपऱ्यापासून मोजले, की खूण भलतीकडेच उमटते.