पश्चिमेची भिंत

दक्षिण दिल्लीतील मुनिरका हे एके काळचे शेतकऱ्यांचे गाव. शहराने त्याला केव्हाच वेढून टाकले. अरुंद गल्ल्या, एकमेकांना खेटून उभी राहिलेली घरे, भाड्याच्या खोल्यांतून राहणारे देशभरचे विद्यार्थी. आणि या गर्दीला लागूनच, रामकृष्णपुरमच्या वस्तीत, लोदी काळातील घुमटांचा एक समूह. शेजारी पायऱ्यांची बारव. दप्तर पाठीला लावून मुले त्यांच्यावरून शाळेला जातात; 'जुने काहीतरी आहे' यापलीकडे त्यांना कोणी काही सांगितलेले नसते.

इस्लामची ओळख या मुलांना बहुधा इतिहासाच्या पुस्तकातून होते. स्वाऱ्या, तख्ते, वंशावळी! राजे पाठ होतात, धर्म बाजूलाच राहतो. उरलेली ओळख कानोकानी आलेल्या गोष्टींची. शेजारच्या बाकावरचा मुलगा रोजा का धरतो, हे त्यालाच विचारण्याचा धीर होत नाही. त्याला वाईट वाटेल अशी भीती असते. मग न विचारलेला प्रश्न मनात कुजतो आणि त्याची अढी होते.

एखाद्या शिक्षकाने आपला वर्ग या घुमटांपाशी नेला तर? अशा थडग्यांच्या रचनेत बहुधा तीन बाजूंना दारे असतात. पश्चिमेची भिंत तेवढी बंद, आणि तिच्यात कमानदार कोनाडा. का बरे? मक्केची दिशा ती. कबरही उत्तर-दक्षिण खोदतात आणि मृताचे मुख त्याच दिशेला वळवतात. एखादा चौकस मुलगा नकाशा काढून म्हणेल, की मक्का तर दिल्लीच्या नैर्ऋत्येला दिसते! तेव्हा त्याच्या हाती पृथ्वीचा गोल द्यावा आणि दिल्लीपासून मक्केपर्यंत दोरा ताणायला सांगावे. दोरा दिल्लीतून जवळजवळ सरळ पश्चिमेला निघतो. भूगोलाचा धडा आणि नमाजाचा धडा एकाच दोऱ्यात ओवला गेला.

पंचांगाचेही तसेच. मराठी घरातील मुलाला अधिक महिना ठाऊक असतो. चांद्र वर्ष सौर वर्षाहून सुमारे 11 दिवसांनी लहान. ती तूट अधिक मास भरून काढतो, म्हणून दिवाळी शरद ऋतू सोडत नाही. मुसलमानांच्या कालगणनेत अधिक मास नाही. त्यामुळे रमजान दरवर्षी मागे सरकतो आणि सुमारे 33 वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. एकच चंद्र, हिशेब दोन. हे कळलेल्या मुलाला मे महिन्यातला रोजा आणि डिसेंबरातला रोजा यांतला फरक सांगावा लागत नाही. तहान त्यालाही लागतेच.

दुसऱ्याचा धर्म कसा अभ्यासावा, याचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. सुमारे हजार वर्षांपूर्वी अल्-बीरुनी हिंदुस्थानाच्या अभ्यासाला लागला, संस्कृत शिकला, आणि 1030 च्या सुमारास त्याने येथील धर्म व शास्त्रे यांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्याची स्वतःची मते कडक होती. पण हिंदूंचे म्हणणे तो हिंदूंच्याच ग्रंथांतून मांडतो. नंतरच्या काळात विनोबा भावे यांनी उलट वाट चालली. ते अरबी शिकले, कुराण मुळातून वाचले, आणि 1962 मध्ये त्यांचे कुराणसार प्रसिद्ध झाले. साने गुरुजींनीही पैगंबरांचे चरित्र मराठीत लिहिले. दोघांनाही धर्म बदलावा लागला नाही. बदलली ती ऐकण्याची रीत.

सरकारी शाळेत हे चालेल काय, अशी शंका नेहमी निघते. राज्यघटनेच्या 28 व्या अनुच्छेदाने पूर्णतः सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळांत धार्मिक शिक्षण देण्यास मनाई केली आहे. परंतु धर्माची दीक्षा निराळी आणि धर्मांविषयीचे ज्ञान निराळे. 1964 ते 1966 या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने हाच भेद केला होता, आणि 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही धर्मांचा अभ्यास घटनेला धरून आहे असे मानले. अडचण कायद्याची नाही. तयारीच्या शिक्षकाची आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. वर्गात एकच मुसलमान मुलगा असला, की सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळतात. बारा वर्षांच्या पोराने चौदाशे वर्षांचा जबाब द्यावा काय? त्याला सांगावेसे वाटले तर त्याने आपल्या घरातली ईद सांगावी. बाकीसाठी जाणत्या माणसाला बोलवावे. आणि तोही एकच नको. 18 एप्रिल 1966 रोजी हमीद दलवाई यांनी सात मुसलमान स्त्रियांसह मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला. तोंडी तलाक बंद व्हावा, ही त्यांची मागणी होती. त्या मोर्चाला विरोध करणारेही श्रद्धावानच होते. तात्काळ तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये अवैध ठरवला, तेव्हा या वादाला अर्धशतक लोटले होते.

हे ऐकल्यावर वर्गातून प्रश्न येणारच, की मग खरा इस्लाम कोणाचा? घाईने उत्तर देणाऱ्या शिक्षकापेक्षा, "हाच प्रश्न तुमच्या घरच्या धर्माविषयी विचारा आणि उद्या या," असे सांगणारा शिक्षक बरा. दुसऱ्या दिवशीचा तास गोंगाटाचा होईल. शेजारच्या वर्गाने तक्रार केली तरी दार लावून घ्यावे आणि तास चालू ठेवावा.