ईसीएम बदलण्याआधी



गाडी गॅरेजला लावलेली असते आणि दुपारी फोन येतो, ‘‘साहेब, ईसीएम गेलाय, बदलावा लागेल.’’ ईसीएम म्हणजे इंजिनचा कारभार सांभाळणारा कॉम्प्युटर. पाठोपाठ खर्चाचा आकडा येतो. लहान पेट्रोल गाडी असेल तर वीस-पंचवीस हजार, डिझेल किंवा जरा वरची गाडी असेल तर पन्नासच्याही पुढे. गाडी दहा-बारा वर्षांची, विकायला काढली तर लाख-दीड लाख यायचे. मग घरात बोलणं सुरू होतं, की एवढे पैसे घालण्यापेक्षा येईल त्या भावाला देऊन टाकू.

गाड्यांच्या वायरिंगचं काम करण्यात आणि ते मुलांना शिकवण्यात माझी हयात गेली, म्हणून कळकळीनं सांगतो. त्या फोनवर लगेच ‘हो, बदला’ म्हणू नका. आधी विचारा, ‘‘अर्थिंग तपासलं का?’’ अर्थिंग म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हची इंजिन आणि बॉडीच्या पत्र्याशी असलेली जोडणी. हा प्रश्न मी आज पुन्हा पुन्हा सांगणार आहे. कंटाळू नका, कारण हाच प्रश्न विचारायचा राहून जातो आणि तिथंच तुमचे पैसे जातात.

ज्यांच्या घरी जातं होतं त्यांना आठवेल. पीठ जाडं पडायला लागलं म्हणून कुणी नवं जातं विकत आणत नसे. आजी आधी दाणे हातात घेऊन बघायची, ओलसर तर नाहीत ना. मग मूठ जास्त पडतेय का बघायची. मग वरची तळी उचलून मधला खिळा झिजलाय का, ते बघायची. हे सगळं ठीक निघालं, तर दारावरून जाणाऱ्या टाकीवाल्याला हाक मारायची. तो छिन्नी-हातोडी घेऊन बसायचा, गुळगुळीत झालेल्या दगडाला टाकी लावायचा, आणि जातं पुन्हा पूर्वीसारखं दळायला लागायचं. नवं जातं यायचं ते तळी फुटली तरच. आज आपण दाणे न बघताच जातं बदलायला निघालोय.

गाडीतले दाणे म्हणजे बॅटरीचा करंट आणि सेन्सरांकडून येणारे निरोप. ईसीएम सगळं व्होल्टमध्ये मोजतो. बहुतेक सेन्सरांना तो पाच व्होल्ट देतो आणि त्या पाचांपैकी परत किती आले, यावरून हवा किती, पाणी किती गरम, पाय किती दाबलाय, हे ठरवतो. आता त्याचं स्वतःचं अर्थिंगच सैल असेल तर? इंजिनच्या अंगावरून अर्थ घेणाऱ्या सेन्सरची सगळी पट्टीच सरकते. सेल्फ मारताना ईसीएमला पुरेसे व्होल्ट मिळत नाहीत, तो मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होतो. इंजिन आणि बॉडीमधली जाड अर्थ पट्टी तुटली असेल, तर सेल्फचा भलामोठा करंट दुसरी वाट शोधतो आणि बारीक वायरी तापवत जातो. अशा वेळी स्कॅनर लावला की एकाच वेळी चार-पाच सेन्सरचे कोड येतात. ‘‘एवढे सेन्सर एकदम कसे जातील? म्हणजे ईसीएमच गेला,’’ असं अनुमान निघतं. पहिला भाग बरोबर आहे, एवढे सेन्सर एकदम जात नाहीत. पण त्या सगळ्यांत समाईक ईसीएम जसा आहे, तसं अर्थिंगही आहे!

कराडच्या एका शिक्षकांची गाडी सकाळी छान चालायची. संध्याकाळी दिवे, एसी, वायपर लागले की चौकात बंद पडायची. ईसीएम बदला, असं त्यांना दोन ठिकाणी सांगितलं होतं. बॅटरीचा ट्रे बाहेर काढला, तर खाली बॉडीला मारलेला अर्थचा बोल्ट ॲसिडनं पांढरा-हिरवा झालेला. मल्टिमीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर ठेवली, लाल पिन ईसीएमच्या अर्थच्या वायरीवर. गाडी चालू, दिवे चालू. मीटरवर पाऊण व्होल्ट. तिथं जवळजवळ शून्य हवं, फार तर ०.१. बोल्ट काढला, पत्रा पॉलिश पेपरनं चकचकीत केला, नवी थिंबल दाबली, वर व्हॅसलीन लावलं. मीटर ०.०३ वर आलं. खर्च दोन-तीनशे रुपये.

ही मोजणी लक्षात ठेवा. नुसती वायर ओढून ‘घट्ट आहे’ म्हणणं म्हणजे अर्थिंग तपासणं नव्हे. टेस्ट लॅम्प लागला, हेही पुरेसं नाही. गाडी चालू, सगळा भार चालू, आणि मीटर व्होल्टवर. तुमच्या वायरमनला मोजायला लावा आणि आकडा स्वतःच्या डोळ्यांनी बघा. यात त्याचा अपमान नाही. चांगला वायरमन उलट खूश होतो.

आता बाकीच्या गोष्टी भराभर सांगतो. चावी ऑन केल्यावर डॅशबोर्डवरचा चेक लाइट लागला पाहिजे. लागतच नसेल तर बहुधा ईसीएमला करंटच पोचत नाही. फ्यूज बघा, मेन रिले बघा, त्याच मापाचा दुसरा रिले घालून बघा. सेल्फ मारताना बॅटरी साडेनऊ व्होल्टच्या खाली जात असेल, तर आधी बॅटरीचं बघा. गाडी तापल्यावर बंद पडते आणि अर्ध्या तासानं आपोआप चालू होते, तर क्रँक सेन्सरवर संशय घ्या. आणि पावसाळ्यात गाडी उभी असेल तर उंदीर! इंजिनच्या उबेला येऊन बसतात आणि वायरी कुरतडतात. वायरिंगवरची काळी टेप सोडून बघितल्याशिवाय ते दिसत नाही.

आणखी एक तपासणी आहे, ती गॅरेजमध्ये फार कमी जण करतात. पाच व्होल्टची जी लाइन सांगितली, त्या एकाच लाइनवर तीन-तीन सेन्सर असतात. त्यातला एक आतून शॉर्ट झाला, की सगळ्यांचे पाच व्होल्ट खाली बसतात. कधीकधी इंजिन सुरू होत नाही, काही गाड्यांत स्कॅनरही बोलेनासा होतो. अशा वेळी मीटर त्या लाइनवर ठेवायचं आणि सेन्सरांचे कपलर एकेक करून काढायचे. चोर सेन्सरचा कपलर निघाला की मीटर टपकन पाचावर येतं. बदलायचा तो सेन्सर. आता स्कॅनरवरच्या एका कोडचं. पी ०६०६ हा कोड थेट ईसीएमकडे बोट दाखवतो, हे खरं. पण व्होल्टेज पडल्यामुळंही तो येऊ शकतो, म्हणून तिथंही आधी तेच. अर्थिंग आणि बॅटरी.

बरं, सगळं तपासलं आणि ईसीएमच बिघडलाय असं ठरलं, तरी नवा घ्यायची वेळ आलेली नाही. आता टाकीवाल्याची पाळी. ईसीएम म्हणजे ॲल्युमिनियमच्या डबीत बसवलेला एक बोर्ड. तो सगळा एकदम जळून जाणं फार क्वचित. उलटी बॅटरी लागली किंवा जंपर केबल उलटी जोडली, तर बहुधा संरक्षणाचा डायोड शॉर्ट होतो. डायोड वीस-पन्नास रुपयांचा. मग फ्यूज घातला की उडतो, घातला की उडतो. जुन्या बोर्डावर कपॅसिटर गळतात. खड्ड्यांच्या हादऱ्यांनी पिनांपाशी ड्राय सोल्डर होतो, म्हणजे सोल्डरचा टाका सुटतो, भिंगाखाली पिनेभोवती बारीक काळी गोल चीर दिसते. इग्निशन कॉइल शॉर्ट झाली तर ती चालवणारा ट्रान्झिस्टर जातो. हे सुटे भाग पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला धुंडाळले तर बऱ्याचदा मिळतात. बोर्ड दुरुस्त करणारे कारागीर आता मोठ्या शहरांत आहेत, कुरिअरनं पाठवलेला ईसीएमही घेतात. बऱ्याचशा दुरुस्त्या नव्या ईसीएमच्या चौथाई किमतीत होतात.

त्यांना तीन गोष्टी विचारा. नेमकं काय बदललं, काढलेला भाग परत देणार का, आणि गॅरंटी किती महिन्यांची. हे सांगायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडे बोर्ड ठेवू नका. आणि श्रोतेहो, ट्रान्झिस्टर ज्या कॉइलमुळे जळला ती कॉइल गाडीत तशीच ठेवलीत, तर दुरुस्त केलेला ईसीएम आठवड्यात पुन्हा जळेल आणि तुम्ही कारागिराला बोल लावाल. ओले दाणे घालून नव्या टाकीची परीक्षा घ्यायची नसते. अर्थिंग खराब ठेवून दुरुस्त ईसीएम बसवणं हेही तसंच.

कारागिरानंही हात टेकले, तर मग जुन्या बाजारातला ईसीएम. मुंबईत कुर्ल्याला, दिल्लीत मायापुरीला, मोडीत निघालेल्या गाड्यांचा माल मिळतो. इथं लोक फसतात ते गाडीचं नाव सांगून. ‘अमुक गाडीचा ईसीएम द्या’ असं म्हणू नका. डबीवरच्या स्टिकरवर पार्ट नंबर असतो, तो शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला पाहिजे. एकाच मॉडेलमध्ये पेट्रोल, सीएनजी, ऑटोमॅटिक यांचे ईसीएम वेगवेगळे असतात. दुसऱ्याच्या जात्याची वरची तळी आपल्या खालच्या तळीवर ठेवली तर गरगर फिरेल, पण पीठ पडेलच असं नाही.

नंबर जुळला तरी बहुतेक वेळा गाडी सुरू होणार नाही, कारण इमोबिलायझर. तुमच्या चावीची ओळख जुन्या ईसीएमच्या मेमरीत असते, बाजारातून आणलेल्याला ती चावी परकी. म्हणून जुना ईसीएम मेला तरी फेकू नका, गॅरेजमध्ये सोडून येऊ नका! त्याच्यातला डेटा काढून दुसऱ्यात भरता येतो. जुन्या बऱ्याच बोर्डांवर आठ पायांचा एक छोटा मेमरी आयसी असतो, चांगला कारागीर तो उचलून दुसऱ्या बोर्डावर बसवतो किंवा मशीनवर वाचून कॉपी करतो. नंतरच्या गाड्यांत ही माहिती प्रोसेसरच्या पोटात असते, तिथं वेगळं मशीन लागतं. प्रोसेसरच जळला असेल तर हा मार्गही बंद होतो. आणि बिल घ्या. चोरीच्या गाडीचा माल स्वस्त पडतो म्हणून घेऊ नका, आज त्याला गिऱ्हाईक मिळतं म्हणून उद्या तुमची गाडी उचलली जाते.

काही जण मला म्हणतात, ‘‘आम्हाला यातलं काय कळतं, शोरूम सांगेल ते करायचं.’’ असं म्हणू नका हो. विचारणं हा तुमचा हक्क आहे. बाहेरच्या गॅरेजांना सुटे भाग आणि तपासणीची साधनं सहजी मिळू देत नाहीत, म्हणून २०१४च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींच्या वर दंड ठोठावला होता. डिसेंबर २०२२मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. एवढं होऊनही आपण गाडीपाशी उभं राहून ‘मीटर लावून दाखवा’ म्हणायला लाजतो, याचं मला वाईट वाटतं. गाडी वॉरंटीत असेल तर अर्थातच कंपनीच्या सेंटरलाच जा, डबी बाहेर उघडू नका.

वेळ थोडा राहिलाय असं दिसतंय. एप्रिल २०२० नंतरच्या प्रदूषणाच्या बीएस-सहा नियमांच्या गाड्यांचं खरं तर सविस्तर सांगायला हवं होतं. त्यांचे ईसीएम सीलबंद असतात, डेटाला कुलपं असतात, वर सांगितलेली कॉपी तिथं इतकी सोपी नाही. पण अर्थिंगचा बोल्ट त्यांनाही तसाच आहे आणि तो तसाच गंजतो.

शेवटी पावसाळ्यातल्या पुराचं सांगतो आणि थांबतो. २००५च्या २६ जुलैला मुंबईत, २०१९ला सांगली-कोल्हापुरात, २०२१ला चिपळूणला पुरातल्या गाड्यांचे ईसीएम गेले. त्यातले कित्येक पाण्यानं गेले नव्हते, ‘चालू होतेय का बघू’ म्हणून मारलेल्या चावीनं गेले होते. ओल्या बोर्डाला करंट मिळाला की पिना गंजून झडतात. पाणी ओसरल्यावर पहिलं काम, बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडा. चावीला हात लावू नका, आधी विमा कंपनीला कळवा आणि फोटो काढून ठेवा. मग ईसीएम बाहेर काढून कारागिराकडे द्या. तो उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलनं चिखल धुवेल आणि मंद उष्णतेवर वाळवेल. घरी तांदळाच्या डब्यात ठेवू नका, चिखलातला क्षार त्यानं निघत नाही. आणि ईसीएम परत बसवायच्या आधी अर्थिंगचे सगळे बोल्ट काढून पत्र्यापर्यंत घासून घ्या, पुराचा गाळ नेमका तिथं साचतो. एक बोल्ट बॅटरीच्या खाली असतो, एक गिअर बॉक्सवर, आणि डॅशबोर्डच्या खाली डाव्या-उजव्या बाजूला जे असतात ते तर कुणी बघतच नाही, त्यातला उजवीकडचा...

बरं, वेळ झाली.