न पेटणारी सिगारेट

तंबाखू पेटविल्यावांचून ओढतां येईल काय? साध्या सिगारेटचा झुरका घेतांना तिचें टोंक सुमारें ९०० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापतें, आणि त्या ज्वलनांतूनच डांबर व कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु उत्पन्न होतो. १९८८ सालीं अमेरिकेंत निघालेल्या 'प्रीमियर'मध्यें कोळशाच्या निखाऱ्याची केवळ ऊब तंबाखूस मिळे. परंतु ओढणाऱ्यांस तिची चव रुचली नाहीं व १९८९ सालीं ती मागें घ्यावी लागली.

२०१४ सालीं जपानांतील नागोया येथें विक्रीस आलेल्या 'आयकॉस'मध्यें बॅटरीवर तापणारें पातें तंबाखूंत रुततें. धातु तापला कीं विजेच्या प्रवाहास त्याचा विरोध वाढतो. तो मोजून यंत्र पात्याचें तापमान ओळखतें व तें सुमारें ३५० अंशांपुढें जाऊं देत नाहीं. तंबाखूंतील ग्लिसरीनची वाफ होते, ती निवतांना सूक्ष्म थेंब बनतात आणि त्यांच्या संगतीनें निकोटिन फुफ्फुसांत शिरतें.

ज्वलन टळल्यानें अनेक विषें घटतात, पण नाहींशीं होत नाहींत. आणि व्यसनाचें मूळ जें निकोटिन, तें पोंचविण्यासाठींच तर हा सारा खटाटोप! भारतांत २०१९ च्या कायद्यानें अशा साधनांच्या विक्रीस बंदी आहे. तथापि घरांतील तरुणाच्या हातीं असें सुबक यंत्र दिसल्यास, धूर नाहीं एवढ्यावरून कोणीं निश्चिंत राहूं नये.