चकाकीच्या खाली काय आहे?

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



गणेशोत्सवाच्या व्यासपीठावर जुन्या गाड्यांचे क्रोम प्लेटिंग हा विषय जरा वेगळा वाटेल. पण लष्कर भागातल्या आपल्या कितीतरी घरांत आजोबांची अँबेसेडर, काकांची फियाट नाहीतर एखादी लँब्रेटा ताडपत्रीखाली उभी आहे. ती भंगारात घालवत नाही आणि रस्त्यावरही निघत नाही. आम्ही म्हणजे दाल बाजार आणि आसपासची अशीच चार-पाच घरे. आमच्यापैकी आज बोलायला उभा आहे तो शासकीय नोकर, मेकॅनिकलचा डिप्लोमावाला. पण सांगतो आहोत ते आम्हा सर्वांचे.

इंजिन दुरुस्त करणारा मिस्त्री ग्वाल्हेरात मिळतो, रंगवालाही मिळतो. गाडी अडते ती बंपर, ग्रिल, दरवाज्यांच्या मुठी आणि बॉनेटवरची अक्षरे यांच्यापाशी. अँबेसेडर उत्तरपाड्याच्या कारखान्यात २०१४ साली बंद झाली. मुंबईच्या कुर्ल्याची प्रीमियर त्याआधीच थांबली. म्हणजे साठच्या दशकातला मूळ भाग एकदा हातचा गेला की तसाच दुसरा मिळणे फार कठीण. रंग बिघडला तर पुन्हा देता येतो. आम्लात विरघळलेला धातू परत येत नाही. म्हणून प्लेटिंगवाला निवडणे हा या कामातला सर्वांत जोखमीचा निर्णय.

आमच्या परिचयातल्या एका घराने बॉनेटवरची अक्षरे बाहेरगावच्या एका कारखान्यात पाठवली होती. परत आली तेव्हा त्यातले एक नव्हते आणि दोन अर्धी खाल्लेली होती. विचारले तर उत्तर आले, "भाईसाहब, नया डलवा लो." नवे कुठून आणणार? आजोबांनी रोज सकाळी फडक्याने पुसलेली अक्षरे होती ती.

आपल्याला दाल बाजाराचे शिक्षण आहे. तेलपाण्याचा हात दिलेली डाळ चकाकते. पण जाणता व्यापारी तिच्या चकाकीवर भाव ठरवत नाही. पोत्यात परखी खुपसून तळातला माल हातावर घेतो. प्लेटिंगचेही तसेच आहे. वरचा क्रोमचा थर साधारण पाव ते अर्धा मायक्रॉन असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. एवढासा क्रोम गंज काय अडवणार? गंज अडवतो तो त्याखालचा वीस-तीस मायक्रॉनचा निकेलचा थर. निकेलच्या खाली तांबे, आणि सर्वांखाली नीट घासून गुळगुळीत केलेला मूळ धातू. कल्हईवाला भांडे तापवून, नवसागराने घासून मगच कथील फिरवायचा, हे ज्येष्ठांना आठवत असेल. घासण्यात आळस केला की कल्हई धरत नसे. इथेही पैसे जातात ते मुख्यतः घासणावळीत. कोणी निम्म्या दरात काम सांगितले, तर कपात बहुधा तिथेच झालेली असते.

आता कारखान्यात गेल्यावर काय विचारायचे ते सांगतो.

पहिला प्रश्न, हा धातू कोणता? खिशात लोहचुंबक ठेवा. चिकटला तर पोलाद. न चिकटला तर भागाच्या आतल्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी, किंचित खरवडून पाहा. पिवळे दिसले तर पितळ. राखाडी दिसले तर बहुधा मझाक, म्हणजे जस्ताचा ओतीव मिश्रधातू. मुठी, चिन्हे, अक्षरे अनेकदा मझाकची असतात. मझाक आम्लात भराभर खाल्ला जातो. जो कारागीर धातू न पाहता सगळा माल एकाच हौदात टाकतो, त्याच्या दारातून परत फिरा.

दुसरा प्रश्न, जुना थर कसा काढणार आणि खड्डे कसे भरणार? चांगला कारागीर जुना मुलामा पूर्ण उतरवतो, तांब्याचा थर देतो, बफिंग करतो, खड्डा दिसला की पुन्हा तांबे आणि पुन्हा बफिंग. जो नुसता ग्राइंडरने खड्डे घासून काढतो, तो पत्रा पातळ करतो आणि कडांची धार मारतो.

तिसरा प्रश्न, हौद केवढा? बंपर हौदात पूर्ण मावला पाहिजे. अर्धा-अर्धा बुडवला तर मध्ये सांध्याची रेघ राहते.

चौथे, दोन-तीन वर्षांपूर्वीचे काम दाखवायला सांगा. कालचे काम सगळ्यांचेच चमकते. जुन्या कामात भोकांच्या कडा आणि कोपरे पाहा. पापुद्रे तिथूनच सुटतात. त्यात ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पाहा. रेघ सरळ दिसली तर घासणे नीट झाले आहे. लाटा दिसल्या तर नाही. रंगही पाहा. निकेलला पिवळसर झाक असते, क्रोमला निळसर. हौदात न जाता फवाऱ्याने मारलेला क्रोम रंग म्हणजे प्लेटिंग नव्हे.

पाचवे, प्रदूषण नियंत्रण बोर्डाची संमती आहे का आणि सांडपाणी कुठे जाते? आम्ही सरकारी माणसे म्हणून कागद विचारतो असे समजू नका. नेहमीच्या क्रोमच्या हौदात षट्संयुजी क्रोमियम असते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९० साली ते निश्चित कर्करोगकारक ठरवले आहे. हौदावर धूर ओढणारा पंखा नाही आणि पोरगा उघड्या हातांनी भाग काढतो आहे, असे दिसले तर आपली चकाकी त्याच्या फुफ्फुसांच्या जिवावर आहे. आणि ते पाणी शेवटी कुठल्या ना कुठल्या स्वर्णरेखेतच जाते.

गावाच्या नावावर जाऊ नका. आग्रा, दिल्ली इथे कारखाने आहेत. मुरादाबादचा पितळी मुलामा तर प्रसिद्धच. पण पितळी फुलदाणीवर बसलेला हात पोलादी बंपरवर बसलाच असेल असे नाही. आधी एखादा साधा पोलादी ब्रॅकेट द्या. तो पाऊसपाणी बघू द्या, मग बंपर द्या आणि मझाकची अक्षरे सर्वांत शेवटी.

भाग देण्याआधी तो गाडीवर बसवून पाहा. पोचे काढणे, वेल्डिंग, भोके जुळवणे हे सगळे प्लेटिंगच्या आधी; नंतर कानस लावता येत नाही. प्रत्येक भागाचा फोटो काढा, मोजून यादी करा आणि पावतीवर सही घ्या. बंपरच्या आतल्या पोकळ बाजूला क्रोम नीट पोहोचत नाही, म्हणून तिथे नंतर रंग द्या.

आणि सगळेच चमकवू नका. क्रोम गाड्यांवर आला तो १९२० च्या दशकाच्या अखेरीस. त्याआधीच्या गाडीला निकेलच शोभते. केंद्र शासनाच्या २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी होते. तिची अटही हीच आहे की गाडी मूळ रूपात राखलेली असावी. जे मुळात रंगवलेले होते ते रंगवलेलेच राहू द्या. मूळ क्रोम थोडा मंद झाला असेल पण सुटला नसेल, तर साबणपाणी, मऊ फडके आणि मेण एवढे पुरे.

जयविलास महालात जेवणाच्या टेबलावर फिरणारी चांदीची आगगाडी आपण पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो. तिला सांभाळायला महाल आहे. आपल्या दारातल्या गाडीला आपणच आहोत. तिच्या मुठीवर ज्यांचा हात रोज पडत असे, ती माणसे आता फोटोत आहेत. मूठ तरी तीच राहावी, एवढ्यासाठी ही चौकशी. ज्यांना कारखाना पाहायला सोबत हवी असेल, त्यांनी आरतीनंतर आम्हाला भेटावे. लोहचुंबक आमच्याकडे आहे.

गणपती बाप्पा मोरया!