दोघांची सहल, एकाची बुडी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला बजावले आहे, "प्रवासावर बोला, पण नुसते प्रवासवर्णन नको, ऐकणाऱ्यांच्या उपयोगी पडेल असे काही सांगा." म्हणून आज मी एका लहानशा निवडीबद्दल बोलणार आहे. समुद्रात बुड्या मारायला नेणाऱ्या बोटीवर दोन-तीन दिवसांची सहल करायची आहे, आणि नवराबायकोपैकी एकालाच बुडी मारता येते. अशा वेळी बोट कशी निवडावी? विषय ऐकून काही जणी गालात हसत आहेत, ते मला दिसते आहे. पण बोटीच्या जागी संगीत सभा घाला किंवा माहेरचे लग्न घाला. प्रश्न तोच राहतो. एकाचा जीव जिथे रमतो, तिथे दुसऱ्याने काय करायचे?

आमच्या घरी बुडी मारते ती मी. वयाच्या बावन्नाव्या वर्षी मालवणजवळ तारकर्लीला मी हे शिकले. यांनीही माझ्याबरोबर प्रयत्न केला, पण यांचे कान पाण्याखाली मोकळे होत नाहीत. दहा मीटर खोल गेले की अंगावरचा दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो. कानातल्या हवेने त्याला जुळवून घेतले नाही, तर पडद्याला इजा होते. डॉक्टरांनी सांगितले, "वरच्यावर खुशाल तरंगा, खाली मात्र जायचे नाही." प्रश्न कायमचा मिटला.

हे निवृत्त झाल्यावर आम्ही दोघांनी मिळून परदेशी जायचे ठरवले. थायलंडच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडे, आपल्याच अंदमान समुद्रात, सिमिलन नावाची बेटे आहेत. १९८२ साली तेथे राष्ट्रीय उद्यान झाले. मला तेथे बुडी मारायची होती. हे म्हणाले, "तू ठरव. माझे काय, मी पुस्तक घेऊन डेकवर बसेन."

भगिनींनो, हे वाक्य आपल्या ओळखीचे आहे. "माझे काय, मला काहीही चालेल," असे आपण आयुष्यभर म्हणत आलो. हापिसच्या सहलीत, क्रिकेटच्या मैदानात, यांच्या मित्रांच्या गप्पांत आपण स्वेटर विणत बसलो, आणि त्या "चालेल"मध्ये किती न चालणारे असते, ते आपल्यालाच ठाऊक. आता पाळी उलटली म्हणून तोच न्याय यांना लावावा, असे मला वाटेना. आणि यांच्यासाठी बुडी सोडून द्यावी, असेही वाटेना. त्यागाचे कौतुक फार होते, पण त्यागाचा हिशेब पुढे भांडणात निघतो.

म्हणून मी कागद-पेन्सिल घेऊन दिवसाचा हिशेब मांडला. मुक्कामाच्या बोटीवर दिवसाला तीन-चार बुड्या असतात. एकेक बुडी पाऊण तासाची किंवा थोडी अधिक. त्याआधी सूचना ऐकणे आणि सामान अंगावर चढवणे, नंतर अंग धुणे आणि सामान लावणे. असे सात-आठ तास जातात. उरलेल्या वेळात बुडी मारणारा दमून झोपतो. म्हणजे आपण जेवणापुरते भेटणार. पाण्याखालचे तीन तास माझे, पण बोटीवरचा अख्खा दिवस यांचा. तेव्हा बोट निवडायची ती वर राहणाऱ्याच्या नजरेने, हे मी पहिले सूत्र धरले.

बहुतेक माणसे पाण्याखाली काय दिसते एवढेच विचारतात. मी आधी विचारले, पाण्यावर काय आहे? तेव्हा असे कळले की सर्व जागा सारख्या नाहीत. सिमिलनच्या आठव्या बेटावर पांढरी वाळू आहे, वर चढून जाण्याजोगा मोठा खडक आहे, आणि किनाऱ्याजवळ तोंडात नळी धरून तरंगले तरी प्रवाळ व मासे दिसतात. याउलट उत्तरेला सुरिन उद्यानात रिशेल्यू रॉक म्हणून जागा आहे. बुडी मारणाऱ्यांची ती पंढरीच. जांभळे मऊ प्रवाळ, आणि नशीब असेल तर देवमाशाएवढा व्हेल शार्क. पण वरून पाहाल तर ओहोटीला जेमतेम डोके काढणारा खडक. ना किनारा, ना सावली, शिवाय ओढ जोराची. तेथे न बुडणाऱ्याने दिवसभर काय पाहायचे?

एवढे समजल्यावर वाट सापडली. काही बोटींवर माणसांना अर्ध्यावर आणण्या-नेण्यासाठी स्पीडबोटीची सोय असते. अशी बोट आम्ही घेतली. पहिले दोन दिवस सिमिलनला दोघे मिळून. दुसऱ्या दिवशी दुपारी हे स्पीडबोटीने खाओ लाकला परत. तिसरा दिवस रिशेल्यूवर माझा एकटीचा. रोजच्या चार बुड्यांपैकी दोन मी सोडायच्या आणि तेवढा वेळ यांच्याबरोबर बेटावर किंवा नळी लावून पाण्यावर घालवायचा, हेही आधीच ठरवले. आधी ठरवले म्हणून ती मेहेरबानी झाली नाही, तो करार झाला.

यांना पक्ष्यांचा नाद. परतीच्या वाटेवर स्पीडबोट चौथ्या बेटावर थांबली, तेथे झाडीत यांनी निकोबारी कबूतर पाहिले: अंगावर हिरवी-तांबूस झळाळी, शेपूट पांढरे. दुसऱ्या दिवशी खाओ लाकला पोलीस गस्ती नौका ८१३ पाहिली. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने ती समुद्रातून उचलून जवळजवळ दोन किलोमीटर आत नेऊन टाकली, ती आता तेथेच स्मारक म्हणून ठेवली आहे. मी धक्क्यावर उतरले तेव्हा माझ्या माशांच्या गोष्टींपेक्षा यांच्याच गोष्टी जास्त निघाल्या. हे फार महत्त्वाचे आहे. सहलीहून दोघांनी दोन गोष्टी आणाव्यात. एकाने गोष्ट आणायची आणि दुसऱ्याने नुसता कंटाळा, असे होऊ नये.

आता ज्यांना अशी बोट ठरवायची असेल, त्यांच्यासाठी विचारण्याच्या गोष्टी सांगते.

न बुडणाऱ्याला भाडे कमी आहे का? तरंगणाऱ्यांबरोबर पाण्यात कोणी जाणकार उतरतो का, की "तुम्ही जा आपले" म्हणून सोडतात? पोहता येत असले तरी जाकीट मागून घ्यावे. डेकवर सावली आहे का, कारण पुस्तक उन्हात वाचता येत नाही. खोली शक्यतो बोटीच्या मध्यावर आणि खालच्या बाजूला घ्यावी, तेथे हेलकावे कमी. मात्र इंजिनाचा आवाज किती येतो, तेही विचारावे. शाकाहारी जेवण आधी कळवावे. बोट लागत असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी निघण्यापूर्वी घ्यावी, आणि पिशवीत आलेपाक असावाच.

दोन प्रश्न मात्र संकोच न करता विचारावेत. २ सप्टेंबर २०१९ रोजी कॅलिफोर्नियाजवळ 'कन्सेप्शन' नावाच्या अशाच मुक्कामाच्या बोटीला पहाटे आग लागली आणि खालच्या मजल्यावर झोपलेले ३४ जण दगावले. रात्रीचा फिरता पहारा ठेवलेला नव्हता, असे चौकशीत निघाले. म्हणून विचारा, रात्री कोण जागे असते, आणि झोपायच्या जागेतून बाहेर पडायला दुसरी वाट कोठे आहे? चढल्याबरोबर ती वाट दोघांनी पायांनी चालून पाहावी.

हंगामाचेही तसेच. सिमिलन उद्यान १५ ऑक्टोबर ते १५ मेपर्यंतच खुले असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये समुद्र बहुधा शांत. ५ जुलै २०१८ रोजी फुकेटजवळ 'फीनिक्स' ही बोट वादळात बुडाली आणि ४७ प्रवासी मरण पावले. स्वस्त मिळते म्हणून पावसाळ्यात जाण्यात शहाणपण नाही.

आणखी एक. अनेक बुड्या मारल्यावर निदान अठरा तास विमानात बसू नये, म्हणून शेवटचा दिवस जमिनीवर मोकळा ठेवावा. हा दिवस आपोआप दोघांचा होतो! उन्हासाठी लावायचे मलम घेताना त्यावरची नावे वाचा. ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनोक्सेट यांसारखी प्रवाळाला घातक द्रव्ये असलेली मलमे थायलंडच्या सागरी उद्यानांत २०२१ पासून बंद आहेत.

ज्यांच्या घरच्यांना बोट मुळीच सोसत नाही, त्यांनी मुक्कामाची बोट घेऊच नये. अंदमानात स्वराज द्वीपला, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकला, सकाळी दोन बुड्या मारून दुपारी परत येता येते. तोवर दुसऱ्याला राधानगरचा किनारा आहे. त्याहून जवळ आपले मालवण. एकाने बुडी मारावी, तोवर दुसऱ्याने शिवाजी महाराजांनी बांधलेला सिंधुदुर्ग पाहावा, आणि दुपारी दोघांनी मिळून माशाचे जेवण जेवावे.

भगिनींनो, या वयात आपल्यापैकी कितीतरी जणी नव्याने काही शिकत आहेत. कोणी पेटी, कोणी मोटार, कोणी चित्रकला. आपला छंद वाढला की घरात कोणीतरी "माझे काय" म्हणू लागते. त्या शब्दावर विश्वास ठेवू नका. शेजारी बसा, दिवसाचे तास मोजा, आणि दोघांच्या नावावर काय काय पडते ते पाहा. छंदही राहतो आणि सोबतही राहते.

कोणाला अधिक विचारायचे असेल, तर चहाच्या वेळी अवश्य विचारा.